एकशे चव्वेचाळिसावा कप्पा

जमवण्याच्या छंदाला शेवट असतो का, असं मला कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न विचारते : कपाट आधी आलं की सामान आधी? बहुतेक लोक सामान आधी जमवतात. नाणी म्हणा, काड्यापेट्या म्हणा, शंखशिंपले म्हणा. ते घरभर पसरतं, मग घरातलं कुणीतरी वैतागतं आणि मग कपाट येतं. माझ्या मामाने उलटं केलं. त्याने आधी कपाट केलं, त्यात मोजून एकशे चव्वेचाळीस कप्पे पाडले आणि मग त्यात काय ठेवायचं याचा विचार करत बसला. धावायला सुरुवात करायच्या आधीच त्याने शेवटची रेघ मारून ठेवली होती. सुतार माणूस, दुसरं काय करणार.

मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की डाव्या हाताचं तिसरं दार मामाच्या कारखान्याचं. कारखाना तो म्हणायचा. मामी त्याला भुशाचं कोठार म्हणायची. खाली कारखाना आणि वर राहायच्या दोन खोल्या, त्यामुळे वरच्या अंथरुणातसुद्धा भुसा सापडायचा. मामा तो चिमटीत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि कुठल्या लाकडाचा ते सांगायचा. मामी म्हणायची, "सांगू नका, झटका."

कपाटाची गोष्ट अशी. एका दवाखान्यासाठी मामाने औषधांचं कपाट करायला घेतलं होतं. चौकट तयार झाली आणि दवाखानाच दुसऱ्या गावी गेला. चौकट पडून राहिली आणि एक लांबलचक फळीही उरली. आता चांगली फळी वाया जाऊ देणं म्हणजे मामाच्या दृष्टीने पापच. त्याने तिच्या पातळ पट्ट्या काढल्या, त्या बरोब्बर बावीस निघाल्या. अकरा उभ्या, अकरा आडव्या बसवल्या, बारा बाराचे एकशे चव्वेचाळीस कप्पे झाले. मग कपाटासमोर उभा राहून तो म्हणाला, "यात आता प्रत्येक झाडाचा एकेक तुकडा ठेवायचा." जगात झाडांच्या किती जाती असाव्यात हे अशा रीतीने एका उरलेल्या फळीने ठरवलं. मी तेव्हा शाळेत होते. मलासुद्धा ते जरा विचित्र वाटलं होतं, पण मामाला कोण सांगणार!

तुकड्याचं माप ठरलेलं होतं : वीतभर लांब, दोन बोटं रुंद, एक बोट जाड. नियमही ठरलेले होते. त्यासाठी झाड तोडायचं नाही आणि पैसे देऊन आणायचं नाही. मोडलेलं, पडलेलं, कुणी टाकून दिलेलं असेल तेवढंच घ्यायचं. प्रत्येक तुकडा मामा स्वतः हाताच्या रंध्याने साफ करायचा, आणि कप्प्याखालची चिठ्ठी मी लिहायची, कारण माझं अक्षर चांगलं. आज मी शाळेत पोरांची अक्षरं सुधारते, पण माझ्या अक्षराची पहिली नोकरी मामाकडची. "नऊ. लिंबू. वरच्या आळीतल्या आजोबांची काठी, पायरीवर मोडली." "सतरा. अक्रोड. घड्याळजींच्या भिंतीवरच्या घड्याळाची पेटी, मागून वाळवी लागली." "तेवीस. डाळिंब. शाळेच्या आवारात वाऱ्याने पडलेलं." अशा त्या चिठ्ठ्या. वाचत गेलं तर अर्ध्या गावात कुणाचं काय मोडलं ते कळायचं.

मामीला या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "मिठाईवाला घरी जाऊन मिठाई जमवतो का?" असं ती विचारायची. मामी पोस्टात सॉर्टिंगला होती, तब्बल तीस वर्षं. समोर भिंतभर कप्पे, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि पत्ता वाचला असं वाटायच्या आतच हात आपोआप योग्य कप्प्याकडे जायचा. तिच्या हाताला चूक ठाऊकच नव्हती. दोनच गोष्टींनी तिचं डोकं फिरायचं. एक म्हणजे दिवसअखेर रिकामा राहिलेला कप्पा; त्या भागाची डाक कुठेतरी अडकली आहे असं तिला वाटत राहायचं. दुसरी म्हणजे चुकीच्या कप्प्यात पडलेलं पत्र. पहिलीवर ती चिडायची, दुसरीवर मात्र जेवायची नाही. हे मी विनोदाने लिहीत नाही, खरंच जेवायची नाही.

मामाच्या छंदाचं असं रमतगमत चाललं होतं. वर्षाला पाच तुकडे, फार तर सहा. अठरा वर्षांत एक्क्याण्णव कप्पे भरले. मग एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. मामी निवृत्त झाली. मामाला खोकला लागला, आणि डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून स्पष्ट सांगितलं की भुसा सोडा. आणि ताई, म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी, नोकरीसाठी बंदराच्या गावी गेली. तिचा नवरा जहाजावर, सहा सहा महिने बाहेर. घरात ती आणि तिची चार वर्षांची लेक. ताईने घर घेतानाच एक खोली जास्तीची घेतली आणि फोन केला, "आई, बाबा, तुमची खोली तयार आहे. कधी येताय?"

मामी त्याच आठवड्यात निघाली असती. नात फोनवर तिला विचारायची, "आजी, तू फोनमध्येच राहतेस का?" त्यावर मामी हसायची, आणि फोन ठेवला की पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात जायची. पण मामाला सोडून ती जाणार नव्हती, आणि मामा हलायला तयार नव्हता.

"तिथे मी काय करू? खुर्चीवर बसून राहू? मी खुर्च्या करतो गं, बसत नाही," तो मला म्हणाला होता.

हे मामीला सांगायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्याने एक पळवाट काढली. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "एवढं कपाट भरलं ना, की कारखाना बंद. मग लगेच जाऊ." मी पानावर होते, मी ऐकलं. त्याने मनात सरळ भागाकार केला होता. त्रेपन्न कप्पे रिकामे, वर्षाला पाच. दहा वर्षांची निश्चिंती.

मामीने घास खाली ठेवला. "कपाट भरलं की?"

"भरलं की."

"शब्द?"

"शब्द."

मामी उठली, हात धुतले आणि पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन बसली. मामाला तेव्हा कळायला हवं होतं की आपण कुणाशी पैज लावली आहे. रिकाम्या कप्प्यांची भिंत आपण नेमकी त्या बाईसमोर उभी केली, जिने तीस वर्षं तेच भरले.

त्या पोस्टकार्डांवर एकच मजकूर होता : तुमच्याकडे झाड पडलं, काही लाकडी मोडलं, तर वीतभर तुकडा पाठवा. जुन्या पोस्टमनांना, बदलून गेलेल्या मैत्रिणींना, दूरच्या गावांच्या पोस्टमास्तरांना, सगळ्यांना. दीड महिन्यात पार्सलं सुरू झाली. वल्ह्याचा दांडा आला. चांभाराचा बूट शिवायचा साचा आला. एका बाईंनी नवऱ्याची कुबडी पाठवली, सोबत चिठ्ठी की आता ते बरे झाले आहेत. वादळ झालं की मामी झाडूवाल्यांच्या आधी बागेत हजर. कुणाकडे बसायला गेली तर आधी खुर्ची उलटी करून बघायची आणि यजमानांना गोड आवाजात विचारायची, "ही अजून किती वर्षं टिकेल असं वाटतं तुम्हाला?" आमच्या शेजारचे गाण्याचे मास्तर ती आली की व्हायोलिन कपाटात ठेवायचे.

सुरुवातीला तिने आणलेल्यातले तीन तुकडे मामाने परत केले. "हे आहे आपल्याकडे. हा पेरूच आहे, नुसता जुना झालाय." मामीला तो फार अपमान वाटला. आहे त्याच पत्त्याचं पत्र आपण दुसऱ्या कप्प्यात टाकायला निघालो होतो, म्हणजे काय! त्या दिवसापासून तिने मामाचं भिंग हाती घेतलं. दर रविवारी ती कपाटातले सगळे तुकडे काढायची, तेलाच्या फडक्याने पुसायची, हातावर तोलायची, कापलेल्या टोकाकडची बारीक छिद्रं भिंगातून बघायची, वास घ्यायची. "हे छिद्रांचं बरं असतं," ती मला म्हणाली. "रंग बदलतो, छिद्रं बदलत नाहीत. अक्षरासारखं आहे. शाई कुठलीही वापरा, अक्षर कुणाचं ते कळतंच." वर्षभरात ती मामाच्या बरोबरीने लाकूड ओळखायला लागली. हे ती कबूल करत नव्हती आणि मामाही करत नव्हता. कपाटाचं कौतुक नाही म्हणणारी बाई कपाटापुढे तासन्‌तास बसलेली दिसायची, आणि मी काही बोलले की म्हणायची, "मला काय करायचंय? मला फक्त ते भरायचंय."

तीन वर्षांत एकशे बत्तीस झाले. आता मामा धास्तावला. तुकडे तर सुंदर येत होते. असे, की आयुष्यात त्याने कधी हातात धरले नसते. एकेक तुकडा रंध्याखाली घेताना त्याचा चेहरा उजळायचा आणि कप्प्यात सरकवताना पडायचा. मग त्याने चालढकल सुरू केली. हा तुकडा ओला आहे, सहा महिने वाळू दे. याला बारीक भेग आहे. याचं नाव पक्कं कळल्याशिवाय कसं ठेवणार?

मला राग आला. मी कारखान्यात गेले आणि तोंडावर म्हटलं, "मामा, तू लबाडी करतोयस. मामी वर बसून पार्सलांच्या सुतळ्या सोडते आहे आणि तू खाली भेगा शोधतोयस. जायचं नसेल तर नाही म्हण सरळ."

तो बराच वेळ पटाशीची धार बोटाने बघत बसला. मग खोकला आला, तो ओसरेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "नाही म्हणायचं नाहीये. भीती वाटते." एवढं बोलून त्याने वाळत ठेवलेले चार तुकडे काढले आणि मापाने कापायला घेतले. त्यानंतर त्याने एकही तुकडा अडवला नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते.

एकशे त्रेचाळीस झाले आणि गाडी अडली. आठ महिने काही मिळेना. जे यायचं ते आधीच कपाटात असायचं आणि आता मामीच ते परत पाठवायची. त्या शेवटच्या कप्प्याकडे ती अशी बघायची की मलाच कसंतरी व्हायचं. तिकडे नात शाळेत जायला लागली होती.

मग सलूनवाल्या काकांनी खुर्ची बदलली. त्या खुर्चीवर मामीचा तीन वर्षांपासून डोळा होता. मोठी, लोखंडी पायांची, लाकडी हातांची, त्यावर रंगाचे इतके थर की हात फुगल्यासारखे दिसायचे. काकांच्या वडिलांनी ती कुठल्याशा जहाजावरून उतरवून घेतली होती. "परदेशी झाड आहे, वहिनी," काका छातीवर हात ठेवून सांगायचे, "आपल्याकडे मिळणारच नाही." नवी खुर्ची आली त्या दिवशी मामी जुन्या खुर्चीचा उजवा हात काखेत मारून भर रस्त्याने घरी आली. रंगाच्या थरांमुळे तिला आत काय आहे ते बघता येत नव्हतं, पण वजन नवं वाटत होतं, आणि वाट बघून थकलेल्या माणसाला नवं वाटतंच.

मामाने त्यातून तुकडा काढायला तीन दिवस लावले. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा सुरू. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने आम्हाला खाली बोलावलं. तुकडा तयार होता. गोरापान, रेशमासारखा गुळगुळीत. मामीने हात पुढे केला तर तो म्हणाला, "थांब, मीच ठेवतो," आणि एकशे चव्वेचाळिसाव्या कप्प्यात त्याने तो सरकवला. सलूनवाल्या काकांनी टाळ्या वाजवल्या. गाण्याचे मास्तर तर व्हायोलिन घेऊन आले होते, आता धोका नव्हता ना. मामी कपाटासमोर उभी राहून इकडून तिकडे बघत होती, एकही कप्पा रिकामा नाही. मग ती जिना चढून वर गेली आणि तिने ताईला फोन लावला. तिचा आवाज खालपर्यंत येत होता. इतका मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

मामाने शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून नवीन काम घेतलं नाही. लाकूड कापायचं यंत्र मुलामुलींना हातकाम शिकवणाऱ्या एका शाळेने नेलं. ते उचलून नेताना मामा वर जाऊन बसला, खिडकीकडे पाठ करून. हातातली हत्यारं तेवढी त्याने एका पेटीत भरली. निघायची तारीख ठरली, गाडीची तिकिटं आली.

एक चिठ्ठी मात्र राहिली होती, शेवटची. मी शाई आणि कापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन कारखान्यात गेले. कारखाना रिकामा झाल्यामुळे आमचे आवाज घुमत होते.

"एकशे चव्वेचाळीस," मी लिहिलं. "नाव काय घालू?"

मामाने पुठ्ठ्याची कड बोटाने घासली.

"परदेशी झाड, एवढंच घालू?"

"सलूनच्या खुर्चीचा हात, असं लिही."

"ते खाली येईल. वर झाडाचं नाव हवं ना."

तो दाराकडे गेला, जिन्यावर कुणी नाही हे बघून परत आला. "अक्रोड आहे तो," तो म्हणाला. "सतरा नंबर. तेच झाड. घड्याळाची पेटी होती ती गाभ्याची, म्हणून काळपट. हा सालीजवळचा भाग, म्हणून गोरा. असला गोरा भाग कुणालाच नको असतो, म्हणून तर त्यावर रंग मारलेला. रंग काढला आणि दुसऱ्या दिवशी कडेला गाभ्याची एक तपकिरी रेघ दिसली मला."

"आणि मग?"

"मग काय. रंध्याने काढून टाकली."

हा तो माणूस, ज्याने एकदा गिऱ्हाईकाला न दिसणाऱ्या खिळ्यासाठी अख्खं टेबल उसकटलं होतं. आता हातात आयतं कारण आलेलं. तुकडा तोच निघाला, कप्पा रिकामा झाला, चला, राहूया इथेच. खरं बोलूनच त्याला राहता आलं असतं! आणि त्याने दोन दिवस ती रेघ बघितली आणि काढून टाकली.

"तिला सांगू नकोस," मामा म्हणाला. "फोनवर ती किती मोठ्याने बोलली, ऐकलंस ना?"

मी कार्डावर लिहिलं : "सलूनच्या खुर्चीचा हात. परदेशी झाड." आयुष्यात जाणूनबुजून लिहिलेली ती माझी एकच खोटी चिठ्ठी, आणि तिचं अक्षर इतर सगळ्यांपेक्षा चांगलं आलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही कपाट बांधायला घेतलं. मामाने त्याच्या मापाची दारं आधीच करून ठेवली होती. तुकडे आत तसेच राहणार, वरून दारं बसवून पेच पिळायचे. तोंड बंद व्हायच्या आधी मामी तेलाचं फडकं घेऊन बसली. "एकदा पुसून घेते. प्रवासात धूळ लागेल."

"आता कशाला?" मामा पटकन म्हणाला. "तिथे गेल्यावर पूस."

"पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं नव्हतं. ती एकेक तुकडा काढत होती, पुसत होती, परत ठेवत होती. मामा पेचांची डबी हातात घेऊन उभा. मी सुतळी गुंडाळत होते, गुंडाळलेलीच पुन्हा गुंडाळत होते. शेवटच्या कप्प्यापाशी ती आली. गोरा तुकडा हातात घेतला, पुसला आणि थांबली. तळहातावर तोलला. नाकाशी नेला. मग पिशवीतून भिंग काढलं आणि टोकाची छिद्रं बघितली. नंतर तिचा हात, सॉर्टिंगच्या टेबलावर जायचा तसा, सरळ सतराव्या कप्प्याकडे गेला. तिने दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरली.

मला वाटलं, देवा, आता ही गप्प बसू दे. तिने गप्प बसावं हेच सगळ्यांच्या सोयीचं होतं, सगळ्यात जास्त तिच्या. उद्याची तिकिटं पर्समध्ये होती. नातीसाठी विणलेला लाल स्वेटर बॅगेत सगळ्यात वर होता.

मामीने गोरा तुकडा सतराव्या कप्प्यात काळ्या तुकड्याच्या मागे सरकवला. मग एकशे चव्वेचाळिसाव्याखालची माझी चिठ्ठी खेचून काढली आणि म्हणाली, "एका पत्त्याला दोन कप्पे नसतात. एक रिकामा आहे."

मामा खाली बसला, पेचांची डबी मांडीवर.

"तुम्हाला ठाऊक होतं," मामी म्हणाली. "ठाऊक असल्याशिवाय तुम्ही मला हात लावू न देता ठेवला नसता."

"होतं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तिकिटं काढायची होती ना," मामा म्हणाला.

मामी भडकली. "मग आता काढली ना? आता ऐका. चुकीच्या कप्प्यातलं पत्र मी तीस वर्षांत एकही सोडलं नाही. आज माझ्या फायद्याचं आहे म्हणून सोडू? कपाट भरलं की जायचं, असा शब्द होता. कपाट भरलेलं नाही. तुम्ही मोकळे आहात." एवढं म्हणून ती फडक्याची घडी घालायला लागली. नीट, चार पदरी.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामा त्या रिकाम्या कप्प्याकडे बघत होता. मला त्याचा चेहरा दिसत होता आणि त्यात सुटका शोधली तरी मला सापडत नव्हती. मग त्याला खोकला आला, आणि खोकल्यामागून हसू.

"चार वर्षं," तो मामीला म्हणाला, "चार वर्षं तू याच्यासाठी लोकांच्या खुर्च्या उलट्या केल्यास. आणि शेवटी स्वतःच उघडं पाडलंस?"

"मग काय करू? दिसलं मला."

"मला पण दिसलं होतं. मी दाबलं." तो उठला. "शब्दच चुकीचा दिला होता गं मी. कपाट भरलं की जाऊ, हे काही जायचं कारण नव्हतं. न जायचं होतं. पेचकस कुठाय?"

"कशाला?"

"दार बसवायचंय. रिकाम्या कप्प्यात वाटेत उंदीर शिरेल."

मामीने चार पदरी घडी पुन्हा उलगडली आणि तोंडावर धरली. मी पेचकस शोधायला गेले. तो माझ्या समोरच होता, पण मी आतल्या भिंतीपर्यंत जाऊन आले. दोघांना जरा वेळ मिळावा म्हणून, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. कपाटाचा एकशे चव्वेचाळिसावा कप्पा रिकामा होता आणि माझी खोटी चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती.

फोन आहे, तरी मामी पत्रच लिहिते. पोस्टातली माणसं पोस्टाशी इमान राखतात. पहिल्या काही पत्रांत नातीचं सगळं होतं, दात कधी पडला, आजीला काय काय विचारते. ताईने मागच्या अंगणात मामाला एक बाक टाकून दिला आहे. तिथे समुद्राचं वारं येतं, भुसा उडून जातो. तो यंत्राला हात लावत नाही, हाताच्या रंध्याने काय होईल तेवढंच. खोकला अर्ध्यावर आला आहे. दुपारी खुर्चीवर बसतो, पण ती त्याने स्वतः केलेली आहे, त्यामुळे त्याला बसल्यासारखं वाटत नाही.

गेल्या आठवड्यातलं पत्र जाड होतं. मामीने लिहिलं होतं :

"कप्पा भरला. नातीने वाळूतून एक फळकूट ओढत आणलं, कुठल्या बोटीचं कोण जाणे. तुझ्या मामाने तीन वेळा तपासलं, मी चार वेळा. आपल्याकडे नव्हतं. आता कोऱ्या चिठ्ठ्या पाठव, दोन डझन. एक पुरणार नाही. झालं असं की कप्पा भरला त्या संध्याकाळी हे अगदी गप्प बसून होते, जेवले पण नाहीत नीट. मला बघवेना. मीच यांना कपाटाची मागची फळी मोजायला लावली. ती काढून कपाट मागे वाढवलं तर पाठीमागून आणखी दोन ओळी बसतात म्हणतात. मी म्हटलं, काढा. सोबत एक छिलका पाठवते आहे, बंदरावरच्या जुन्या खांबाचा. वास घेऊन कुठलं झाड ते कळव. आमचं दोघांचं जमत नाहीये, मी म्हणते सुरूचं झाड, ते म्हणतात नाही. ते चुकताहेत."

पाकिटात तळाशी रंध्याचा एक पातळ, गोल वळलेला छिलका होता. मी तो नाकाशी धरला. डोळे मिटून बराच वेळ धरला. मला काही कळलं नाही.

शाळेला उशीर होत होता. तरी मी पुठ्ठा काढला, पट्टी ठेवली आणि चिठ्ठ्या कापायला घेतल्या. दोन डझन सांगितल्या होत्या, मी चार डझन कापल्या.